छंद माझा वेगळा

दोस्तांनो, छंद म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? पोस्टाची तिकिटं, नाणी, चित्रकला, बागकाम... माझ्या मैत्रिणींपैकी कुणाला भरतकाम आवडतं, कुणाला वाचन. मला मात्र कॉम्प्युटर जोडायला आवडतं! सुटे भाग आणायचे आणि आपल्या हातांनी सबंध कॉम्प्युटर उभा करायचा. मी प्राथमिक शाळेतली बाई. डी.एड. झालेली, चौथीला शिकवते. इंजिनिअर वगैरे मुळीच नाही.

पण हे काम वाटतं तितकं अवघड नाही, बरं का! मदरबोर्ड ही मुख्य पाटी. तिच्यावर प्रोसेसर बसवायचा. दोन्हींवरच्या छोट्या त्रिकोणी खुणा जुळवायच्या आणि प्रोसेसर अलगद ठेवायचा. अजिबात दाबायचा नाही! एका प्रकारच्या सॉकेटमध्ये तर १७०० नाजूक पिना असतात. मग प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट. ती कशाला? धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात. फटींतली हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. पेस्ट त्या फटी भरून काढते. रॅमच्या पट्टीला एक खाच असते, ती बरोबर मध्यभागी नसते. त्यामुळे पट्टी उलटी बसतच नाही. आहे की नाही गंमत?

खरी अडचण येते ती दुकानात. "मॅडम, कुणासाठी हवंय? मिस्टर नाही आले?" हा पहिला प्रश्न ठरलेला. एकदा धाकटा भाऊ सोबत होता. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं त्याला देत होते! त्या बिचाऱ्याला यातलं काही कळत नाही. तो नुसता मान डोलवत होता. शेवटी सामान समोर आलं, तेव्हा मी म्हटलं, "दादा, बोर्ड डीडीआर-फोरचा आहे आणि रॅम डीडीआर-फाइव्हची दिलीत. खाच जुळायची नाही." त्यांनी खोका उलटसुलट करून पाहिला आणि रॅम बदलून दिली. आता ते माझ्याशीच बोलतात. पण दोस्तांनो, मला एक गोष्ट खटकते. ही परीक्षा मला द्यावी लागली. माझ्या भावाला ती न देताच पास केलं होतं.

खरं तर कॉम्प्युटरला बायकांचे हात नवे नाहीत. १९४६ साली अमेरिकेत 'एनिॲक' हा अवाढव्य कॉम्प्युटर जगापुढे आला. त्यात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. वायरी जोडून आणि स्विच लावून त्याला गणितं करायला लावणाऱ्या सहा जणी होत्या. पुढे १९६५ साली मेरी ॲलन विल्क्स यांनी बाल्टिमोरला आई-वडिलांच्या घरी 'लिंक' नावाचा कॉम्प्युटर ठेवून काम केलं. तेव्हा कॉम्प्युटर घरात असतो, हेच लोकांना ठाऊक नव्हतं!

मध्यंतरी आमच्या शाळेतला कॉम्प्युटर बंद पडला. प्लग काढून मी कॅबिनेट उघडलं, तर मुलं धावत पुढे आणि मुली मागे, भिंतीपाशी. एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही फडक्यानं पुसून देऊ का?" मला फार वाईट वाटलं. मी नियम केला, प्रत्येकाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर यायलाच हवा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची आणि मगच काम. फडकं मागणाऱ्या त्याच मुलीनं रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबरनं हलक्या हातानं घासली आणि पुन्हा बसवली. 'कट्ट!' कॉम्प्युटर चालू झाला. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

तुम्हीही करून बघा. पण प्लग काढून आणि मोठ्या माणसांसमोरच. एसएमपीएसची पेटी मात्र कधीच उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते.

मुलींनो, कुठे काही उघडलं जात असेल तर भिंतीपाशी थांबू नका, पुढे या. आणि मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी दुकान काढलं आणि एखाद्या ताईनं काही विचारलं, तर उत्तर ताईकडेच बघून द्या. द्याल ना?