घामाची खोली

इंदुरात जन्म काढलेल्या आम्हांस मे महिन्याचा उकाडा विकत घ्यावा लागेल, असे कधी वाटले नव्हते. 2018 च्या जानेवारीत मुलीकडे शिकागोस गेलो, तेव्हा तोही योग आला. बाहेर पारा शून्याखाली, आणि ती आम्हांस घेऊन गेली ती 40 अंशांवर तापविलेल्या खोलीत! कोलकात्याच्या बिक्रम चौधरी यांनी अमेरिकेत रुजविलेला हा प्रकार: 26 आसने, त्यांतच 2 श्वसनक्रिया, एकूण 90 मिनिटे. पुढे चौधरींवर गंभीर आरोप झाले. आसनांच्या क्रमावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, असा निर्णय तेथील न्यायालयाने 2015 मध्ये दिला. खोल्या मात्र तापतच राहिल्या.

पहिल्याच दिवशी आखडलेले गुडघे सैलावले, खुर्चीत बसून ताठलेली कंबर वाकू लागली. आम्ही हरखलो. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने अशा खोलीत शिरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, हे ठाऊक होते. पण उभ्या हयातीचा साहेबी ताठा खाली बसू देईना. अखेर मुलीनेच हात धरून बसविले, पाणी दिले.

"बाबा, थांबणंसुद्धा शिकावं लागतं. मी इथंच शिकले. नोकरी गेली तेव्हा रोज येत होते. घामात डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसत नाही."

नोकरी गेल्याचे आम्हांस कळविलेच नव्हते. का, असे विचारता ती हसून म्हणाली, "तुम्ही 'कारणे दाखवा' नोटीस काढली असती!"

उत्तर सुचले नाही.

उष्णतेने स्नायू सैलावतात खरे, पण तो सैलपणा फसवा. ताण मर्यादेपलीकडे गेल्याचे ध्यानी येत नाही. तीच आसने साध्या खोलीत केली तरी रक्तवाहिन्यांस तसाच लाभ होतो, असे 2018 मधील एका संशोधनात आढळले. 'हठयोगप्रदीपिका' तर नवख्या साधकास अग्निसेवन टाळावयास सांगते, आणि श्रमाने आलेला घाम अंगातच जिरवावा म्हणते.

आता इंदुरात गच्चीवर पहाटेच्या गारव्यात आसने करतो. रविवारी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मुलगी समोर असते. आमची पहाट, तिची शनिवारची सायंकाळ. शवासन आटोपले की ती आठवड्याचे काहीबाही सांगते. आम्ही ऐकतो. कारणे विचारीत नाही.