खाऱ्या वाऱ्याचं वेड

गोल्फ बघायचाही असतो, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? आमच्या घरी क्रिकेट होतं, मामाकडे टेनिस होतं, गल्लीत कबड्डी होती. गोल्फ फक्त हिंदी सिनेमातल्या खलनायकाकडे असायचा. पांढरे बूट, हिरवळ, मागून बॅग घेऊन चालणारा माणूस आणि बोलता बोलता ठरणारा एखादा काळा सौदा. आणि आता माझी अवस्था अशी, की इस्त्रीवाला दारात आला तरी मी त्याला रॉयल लिव्हरपूलचं सतरावं होल हातवारे करून समजावते. तो ‘हां जी, हां जी’ म्हणत कपडे मोजतो.

द ओपन! पुरुषांच्या गोल्फमधल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी सगळ्यात जुनी. 1860 साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला आठ जणांनी एका दिवसात खेळून संपवलेली, आणि 2023 मध्ये 20 ते 23 जुलै असे चार दिवस इंग्लंडमधल्या हॉयलेकला, रॉयल लिव्हरपूलच्या मैदानावर, 156 जणांनी खेळलेली. बाकीच्या तिन्ही स्पर्धा अमेरिकेच्या. ही एकटी ब्रिटनची, आणि दरवेळी समुद्राकाठीच. गाव बदलतं, मैदान बदलतं, समुद्र सुटत नाही. आणि हे सगळं मी बघितलं कुठे, तर जयपुरात! चारी दिशांना कितीही चाललं तरी लाट दिसायची नाही अशा गावात!

निमित्त अनारशांचं. अधिक महिना लागला, म्हणून तळले आणि ताटली घेऊन शेजारच्या अंकलजींकडे गेले. अंकलजी फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. एरवी दारापर्यंत येऊन ‘आओ बेटा’ म्हणणारा माणूस, त्या दिवशी टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, “बैठो बेटा, चुपचाप बैठो. अब ये फँसेगा.”

आणि खरंच फसला की तो! बंकर म्हणजे वाळूचा खड्डा एवढं मला माहीत होतं. पण तो खड्डा नव्हताच, ती विहीर होती. गवताच्या लाद्या कापून, एकावर एक रचून उभी केलेली भिंत. जवळून दाखवली तेव्हा प्रत्येक लादीची कड वेगळी दिसत होती. तळाशी वाळू अगदी सपाट. चेंडू गडगडत आला आणि भिंतीच्या पायाशी चिकटून बसला. खेळाडूचा एक पाय आत, दुसरा काठावरच्या गवतावर, गुडघा जवळजवळ छातीला. समोर झेंडा दिसतोय, पण मध्ये भिंत. शेवटी त्याने काय करावं? चेंडू चक्क उलट्या दिशेला मारला, झेंड्याकडे पाठ करून! लाखो डॉलर कमावणारा माणूस, आणि निमूटपणे मागे जातोय. मी तिथेच बसले. अनारशांची ताटली माझ्याच मांडीवर राहिली. पहिल्या दिवशी इतक्या जणांचे असे हाल झाले, की आयोजकांनी रातोरात वाळू ओढायची रीत बदलली. शुक्रवारी भिंतीजवळची वाळू जराशी चढती ठेवली, म्हणजे चेंडू घरंगळून दोन वीत मागे येईल आणि माणसाला निदान दांडा फिरवता येईल. कुदळ नाही, यंत्र नाही, नुसती फावडी फिरवून स्पर्धेचा स्वभाव बदलला!

मी रत्नागिरीकडची. पुळण संपते आणि वाड्या सुरू होतात त्यांच्या मधली जी उंचसखल वाळूची जमीन असते, सुरूची झाडं, मर्यादवेलीचं जाळं, पायाखाली भसकन खचणारी, तिथे आमचं बालपण गेलं. त्या जमिनीचं कुणालाच काही कौतुक नसायचं. भात पिकत नाही, माड धरत नाही. आणि स्कॉटलंडमध्ये अगदी तसल्याच जमिनीवर हा खेळ वाढला! शेतीला निरुपयोगी, म्हणून ती सगळ्यांची. वाळूमुळे पाऊस पडला की पाणी झिरपून जातं, चिखल होत नाही. जमीन नापीक, म्हणून गवत आखूड आणि चिवट. ते खायला ससे आणि मेंढ्या. वाऱ्याच्या आडोशाला मेंढ्या जिथे बसायच्या तिथे खळगे पडले आणि तेच पहिले बंकर, असं सांगतात. मला हे फार म्हणजे फारच आवडलं. मैदान कुणी आखलंच नाही, ते होतंच. माणसाने फक्त भोकं पाडली आणि झेंडे लावले.

आता वारा. खरा खेळाडू तोच, बाकीचे 156 त्याच्या दयेवर. अंकलजींनी मला चेंडू हातात दिला. त्यावर बारीक खळ्या असतात, त्या शोभेच्या नव्हेत. जुने गुळगुळीत चेंडू वापरून वापरून खरवडले गेले की जास्त लांब जातात, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि तिथून खळ्या आल्या. नीट फटका बसला की चेंडू उलटा फिरत जातो, त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलते. शांत हवेत हे सोयीचं. पण समोरून वारा आला की उचल वाढते. जितका जोर लावाल तितकी फिरकी जास्त, तितका चेंडू वर वर चढतो, मग दमतो आणि तुमच्यापासून थोड्याच अंतरावर येऊन पडतो. म्हणजे खाऱ्या वाऱ्यात ताकद हा दोष ठरतो! जाणता खेळाडू मोठी काठी घेतो, अर्धाच हात फिरवतो, चेंडू छातीच्याही खालून पाठवतो. तो कडक जमिनीवर टप्पे घेत घेत, पाण्यावर भाकऱ्या काढाव्यात तसा, उंचवट्यांच्या उतारांवरून वळत थेट ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या आखूड गवतावर, जातो. त्याला चाळीस पावलं आधी जमिनीवर टेकवायचं, ही कल्पनाच मला पहिल्यांदा बघताना पटेना. झेंडा तिकडे आणि हा नेम धरतोय भलत्याच टेकाडावर!

आणि ते सतरावं होल! फक्त 136 यार्ड. एवढंसं. 2023 च्या स्पर्धेसाठी नव्याने बांधलेलं, नाव ‘लिटल आय’. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की समोर उंचावर ग्रीन आणि त्यामागे डी नदीची खाडी, बाकी आडोसा म्हणून काही नाही. दोन्ही बाजूंना खोल बंकर. चार दिवसांची मेहनत इथे एका छोट्याशा फटक्यात पाण्यात जाऊ शकते. काही जाणकारांना हे होल अजिबात आवडलं नाही, जुन्या मैदानावर नवं ठिगळ वाटलं. वाटू दे. शनिवारी ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस स्मिथने तिथे एका फटक्यात चेंडू भोकात घातला तेव्हा मी सोफ्यावरून उठून ओरडले आणि अंकलजींची बेडरूममध्ये झोपलेली नात रडायला लागली.

पण खरी उडी मी मारली ती शुभंकर शर्मासाठी. फलकावर नावापुढे तिरंगा! झाशीला जन्मलेला, फौजी अधिकाऱ्याचा मुलगा, चंडीगडचा. पहिल्या दिवशी 68. दुसऱ्या दिवशी, 21 जुलैला, त्याचा सत्ताविसावा वाढदिवस. मग 71, 70, 70. एकही फेरी पारच्या, म्हणजे ठरलेल्या फटक्यांच्या, वर नाही. शेवटच्या दिवशी पाऊस कोसळत होता, छत्र्या उलट्या होत होत्या, काठीची मूठ टॉवेलने पुसून पुसून टॉवेलच ओला झालेला, आणि हा पोरगा एक एक पार जमा करत चाललाय. एकूण पाच अंडर, संयुक्त आठवा. ओपनमध्ये भारतीय खेळाडूची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी. याआधी 2004 साली ज्योती रंधावा संयुक्त सत्ताविसावा आला होता. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी केवढी? क्रिकेटच्या पानाच्या तळाशी, चार ओळी! मला संताप आला. आठवडाभरापूर्वी मी स्वतः त्या चार ओळीही वाचल्या नसत्या, पण ते असो.

जिंकला तो अमेरिकेचा ब्रायन हार्मन. पाच फूट सात इंच, डावखुरा, छत्तीस वर्षांचा, तोवर एकही मोठी स्पर्धा न जिंकलेला. प्रेक्षक सगळे टॉमी फ्लीटवुडच्या बाजूने, कारण तो जवळच्याच साउथपोर्टचा. हार्मनला टोमणे बसत होते. शनिवारी सुरुवातीलाच दोन बोगी, म्हणजे पारपेक्षा एकेक फटका जास्त, आल्या तेव्हा ‘गेला हा आता’ असं मलाही वाटलं. तो काठी चेंडूमागे इतक्या वेळा हलवतो की बघणाऱ्याचा जीव जावा, पण मारला की सरळ. दहा फुटांच्या आतले 59 पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, त्याने चार दिवसांत मारले आणि त्यातला एकच हुकला! सहा फटक्यांनी जिंकला. टीव्हीवर म्हणे सामना कंटाळवाणा झाला. मला विचारा! पावसात, सगळे विरोधात असताना, तोच कंटाळवाणा अचूकपणा शेवटपर्यंत धरून ठेवणं बघताना माझे तळहात ओले झाले होते.

मग काय, मी रात्र रात्र वाचायला लागले. हे रॉयल लिव्हरपूल 1869 साली सुरू झालं ते घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर. पहिली काही वर्षं गोल्फ आणि घोडे एकाच जागेत नांदले. खोगीर चढवायची वेळ झाली की वाजणारी घंटा अजून क्लबात आहे. इथलाच जॉन बॉल 1890 मध्ये ओपन जिंकला, तो पहिला इंग्रज आणि तोही हौशी! बॉबी जोन्सने 1930 मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्यातली एक इथे. आणि 2006! त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, मैदान करपून तपकिरी झालं होतं, आपल्या मे महिन्यातल्या जयपूरइतकं. टायगर वुड्सने 72 होलांमध्ये सगळ्यात लांब मारायची काठी, ड्रायव्हर, बॅगेतून एकदाच काढली. जमीन इतकी धावती की ड्रायव्हर मारला तर चेंडू थांबेचना. दोनच महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले होते. शेवटचा पट पडला आणि तो कॅडीच्या, म्हणजे बॅग घेऊन चालणाऱ्या साथीदाराच्या, गळ्यात पडून रडला. हे फुटेज मी बघितलं ते बँकेत, जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून.

मंगळवारी संध्याकाळी अंकलजींच्या मागे लागून रामबागला गेले. राजमहालाच्या शेजारी, पोलोच्या मैदानाला लागून, जयपूरच्या मधोमध हे गोल्फ मैदान! किती वर्षं त्या रस्त्याने स्कूटरवरून गेले असेन आणि भिंतीपलीकडे काय आहे हे कधी विचारलं नाही. इथे पीजीटीआय या भारतीय व्यावसायिक टूरची जयपूर ओपन होते, म्हणजे देशातले व्यावसायिक खेळाडू माझ्या बँकेपासून रिक्षाच्या अंतरावर येऊन खेळतात! नुकताच पाऊस होऊन गेला होता. कॅडी बसून, डोळा बारीक करून ग्रीन बघत होता. “अंकलजी, एक कप लेफ्ट, धीरे से.” मला तिथे काहीच उतार दिसत नव्हता. चेंडू निघाला, सरळ गेला, आणि भोकाच्या वीतभर अलीकडे उजवीकडे वळून आत पडला. टक्क. तो आवाज टीव्हीवर येतच नाही!

एक गोष्ट मात्र खटकली, ती लिहितेच. आमच्या वसाहतीत मे महिन्यात टँकर येतो आणि राजस्थानात हिरवळ राखायला पाणी लागतं. समुद्राकाठचं ते मैदान आपल्या पावसावर आणि आपल्या वाळूवर जगतं, करपलं तर करपलेल्या अंगाने खेळवतं. अंकलजी सांगतात, त्यांच्या तरुणपणी वाळवंटातल्या छावण्यांत ग्रीनच नसायची, ‘ब्राऊन’ असायची: वाळूत तेल मिसळून दाबून सपाट केलेली, पट मारायच्या आधी फळी ओढायची. मला तर तेच ओपनच्या खऱ्या वंशातलं वाटलं. जयपूरजवळ कुणी पुन्हा ब्राऊन केली तर मी पहिली वर्गणी देईन.

आता भावाला फोन करून करून हैराण केलंय. तो मुंबईत असतो. “अरे, कुलाब्याला युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं मैदान आहे, समुद्राला लागून, ओळख काढ!” तो म्हणाला, “ताई, तुला बरं आहे ना?” मग त्याला अनिर्बान लाहिरी ऐकवला. जन्म पुण्याचा! 2012 मध्ये रॉयल लिदमला ओपन खेळताना शनिवारी नवव्या होलवर एका फटक्यात चेंडू आत. 2015 मध्ये अमेरिकेतल्या पीजीए स्पर्धेत संयुक्त पाचवा, भारतीयांत सर्वोच्च. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिम्पिक खेळून आला. भाऊ थोडा वेळ गप्प झाला आणि मग त्याने विचारलं, “बर्डी म्हणजे एक कमी ना?” लागला गळाला!

त्यानंतरची ओपन 2024 च्या जुलैत स्कॉटलंडला, रॉयल ट्रूनला होती. तेच ट्रून जिथे रंधावा सत्ताविसावा आला होता. पहिल्या दहांत आल्यामुळे शुभंकरची तिथली जागा हॉयलेकलाच पक्की झाली होती. आणि तिथलं आठवं होल, ‘पोस्टेज स्टॅम्प’, ओपनच्या सगळ्या मैदानांवरचं सगळ्यात आखूड, 123 यार्ड! 1950 मध्ये जर्मनीच्या एका हौशी खेळाडूला तिथे पंधरा फटके लागले. एका बंकरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. आणि 1973 मध्ये 71 वर्षांच्या जीन सॅराझेनने तिथेच पहिल्या दिवशी एका फटक्यात चेंडू भोकात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच होलवर त्याचा चेंडू बंकरमध्ये गेला, तर त्याने तो तिथूनच थेट भोकात टाकला. दोन्ही दिवस मिळून त्या होलवर पटर, म्हणजे पट मारायची काठी, हातातच घेतला नाही. एकाहत्तराव्या वर्षी! अंकलजी बहात्तरचे आहेत. ही गोष्ट सांगितल्यापासून ते रोज पहाटे पाचला रामबागला जातात.