संगिनीवरील अक्षरे

संग्रहाचा नाद मनुष्यास केव्हा व कसा जडतो, हे सांगणे कठीण आहे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. आम्हांस मात्र जर्मन सैन्याच्या जुन्या संगिनींचा नाद जडला. विद्यार्थ्यांच्या अंकात शस्त्रांचे काय काम, अशी शंका पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन व्हावे, एवढ्याचसाठी हा अल्प प्रयत्न.

संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी बसविण्याचे पाते. आमच्या दृष्टीने तिचे मोल धारेत नसून तिजवर कोरलेल्या अक्षरांत आहे. पहिल्या महायुद्धातील जर्मन संगिनीच्या पाठीवर बहुधा एक मुकुट, त्याखाली एक अक्षर व दोन आकडे आढळतात. 'डब्ल्यू' असल्यास ती प्रशियाचा राजा विल्हेल्म याच्या सैन्याची समजावी, आणि '१५' म्हणजे सन १९१५. मुठीजवळ कारखानदाराचे नाव असते व पुष्कळदा सोलिंगेन हे गाव असते. हे गाव आपणांस अगदीच परके नाही. मराठ्यांच्या फिरंगी तलवारींची पाती युरोपातून येत, त्यांत सोलिंगेनचीही असत. पाते त्यांचे व मूठ आपली, असा तो संयोग होता.

काही संगिनींच्या पाठीस करवतीसारखे दाते असतात. हे दाते जर्मनांच्या क्रौर्याचे चिन्ह होत, असा डांगोरा त्या युद्धात त्यांच्या शत्रूंनी पिटला. वस्तुतः ते लाकूड कापण्यासाठी होते; पुढे जर्मनांनीच अनेक संगिनींचे दाते घासून टाकिले. युद्ध लांबले तशा लाकडी मुठी जाऊन काही संगिनींस सबंध लोखंडी मुठी आल्या. त्या देशातील टंचाई अशा रीतीने हातात धरून पाहता येते.

आम्ही राहतो येरवड्यास. होळकर पूल ओलांडला की खडकी लागते. तेथे मुंबई सॅपर्स या पलटणीचे ठाणे आहे. पूल बांधणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे ही तिची नित्याची कामे. परंतु २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेल या गावी तिच्या दोन कंपन्यांस ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळाप्रमाणे हल्ला करावा लागला. गल्लीगल्लींतून व घराघरांतून जर्मनांशी संगिनींनी झुंज झाली. गाव हाती आले, तथापि जर्मनांच्या उलट हल्ल्यामुळे माघार घ्यावी लागली. त्याच गावी सन १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचे स्मारक उभारले गेले. ज्यांच्या समाधीचा ठिकाणा नाही अशा ४,७०० हून अधिक वीरांची स्मृती तेथे जतन केली आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा आम्हांस एक जर्मन संगीन मिळाली. विकणाराने ती आरशासारखी चकचकीत केली होती. गंजाबरोबर सारी अक्षरेही घासली गेली होती. अशी संगीन मुकी होते. ती कोणाची, कोणत्या सालची, हे आता तिला कोणीही विचारले तरी व्यर्थ.

याहून अधिक चटका लावणारी गोष्ट खेड तालुक्यातील एका घरी पाहिली. तेथे आजेसासऱ्यांनी लढाईवरून आणलेल्या संगिनीने नारळ सोलीत असत. पाठीवर मुकुट व '१५' हा आकडा स्पष्ट होता. आम्ही अक्षरे वाचून दाखविली, तेव्हा घरच्या वृद्ध आजी म्हणाल्या, "एवढं तुम्ही सांगितलंत, पण त्यांनी ती कुठून आणली, ते आम्ही कधी पुसलंच नाही." पाते शंभर वर्षे टिकले, आणि आणणाऱ्याची हकीकत दोन पिढ्यांत पुसली गेली! आम्ही ती संगीन विकत मागितली नाही. नववीतील त्यांच्या नातवास वही आणावयास सांगितली आणि पणजोबांच्या वडिलांचे नाव, पलटण व आजींस आठवत होते तेवढे त्याच्याकडून लिहवून घेतले. ती संगीन आमच्यापाशी नाही; तरी आमच्या संग्रहातील सर्वांहून ती आम्हांस मोलाची वाटते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही संगिनी जमवाव्यात असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सन १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत संगिनीचीही गणना आहे. म्हणून वडीलधाऱ्यांनीही पोलीस ठाण्यात विचारपूस केल्यावाचून ती घेऊ नये. परंतु तुमच्या घरी जुने पदक, पेन्शनचे पुस्तक वा एखादे छायाचित्र असेलच. ते घासू नका, भंगारात देऊ नका. येत्या सुटीत आजी-आजोबांजवळ बसा, ते कोणाचे म्हणून विचारा आणि सांगतील ते तारखेसह वहीत उतरून ठेवा. या संग्रहास पैसा लागत नाही. मात्र सांगणारे आहेत तोवरच तो करता येतो.