साचाखात्यातला पेला

पैनगंगेच्या काठचं भीमपूर म्हणजे कापसाचं रान. इथून पाहिलं की मुंबईच्या गिरणगावातले आजचे पब जरा निराळे दिसतात. ज्या आवारात रुईच्या गाठी उतरायच्या तिथे आता बिअरचे पिंप उतरतात. उघड्या विटा, लोखंडी कैच्या, उंच खिडक्या तशाच ठेवतात, नावातही कुठे ‘मिल’ राखतात आणि वारसा जपला म्हणतात. मला हे पटत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले; पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक यांच्यात वाटायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. म्हणजे उभ्या इमारतीखालची जमीन वाटणीतून सुटली. जुन्या भिंतीवरचं सगळंच प्रेम निव्वळ इतिहासाचं असेल, असं कसं मानायचं?

कोणी म्हणेल, वापर नसलेली इमारत चार पावसाळ्यांत ढासळते. पब तरी तिला उभी ठेवतो. खरं आहे. पडक्या भिंतीपेक्षा गजबजलेली भिंत बरी. कामगार काही सोवळे नव्हते, गुत्ते गिरणगावातही होते, हेही खरं. पिण्याबद्दल माझी तक्रारच नाही. (आमच्याकडे मोहाच्या दारूला देवाच्या कार्यातही मान असतो.) तक्रार आहे ती निवडीची. विटा घेतल्या आणि कामाची शिस्त टाकून दिली. कापूस ठिणगीनेही पेटतो, ही धास्ती गिरणीच्या अंगात मुरलेली होती. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबमधल्या आगीत १४ माणसं गेली. आग जुन्या साच्यांमध्ये, म्हणजे मागांमध्ये, लागली नव्हती, हा बचाव मला उलटाच वाटतो: साचे होते तोवर ‘आग लागली तर’ हा प्रश्न रोजचा होता. साचाखात्याची आठवण ठेवायची तर कैच्यांना रंग देण्याआधी बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायला हवी. कापसाच्या ढिगाशेजारी विडी पेटवू पाहणाऱ्याला आमच्या भागातल्या जिनिंगमधला साधा हमालही दटावतो. त्याला वारसा हा शब्द ठाऊक असायची गरज पडत नाही.