आजीचे चारमिनारी रुपये

वाचकहो, तुमच्या घरी उतरंडीत एखादे जुने नाणे आहे का? आमच्या आजीच्या गाडग्यात चारमिनार छापाचे हाली रुपये होते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते. बाजारात तीच नाणी चालत. लेकीच्या लग्नात मी ती आटवून जोडवी केली. चांदी राहिली, आजीची खूण गेली! एकच रुपया उरला आहे. तो चिंचेने घासत नाही, छाप झिजतो.

पैठणच्या मातीत तर सातवाहनांची नाणी सापडली आहेत. तुमच्या नांगराला असे काही लागले, तर मुशीत घालू नका. दहा रुपयांवरचा गुप्तधनाचा ठेवा १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. मातीने इतकी वर्षे जपले, ते आपण का मोडावे?