मेणवलीचं आभाळ

गेल्या महिन्यात औषधं घ्यायला गेले आणि काउंटरमागच्या कॅलेंडरवर डॉक्टर गाशे दिसले. कुठल्याशा औषध कंपनीनं दर महिन्याला एक गाजलेलं चित्र छापलं होतं. त्या पानावर व्हॅन गॉगचे ते डॉक्टर गालाला मूठ टेकवून कलून बसलेले, पुढ्यात जांभळ्या फुलांची डहाळी. दुकानदार सुट्टे पैसे मोजत होता आणि माझा घसा दाटून आला. वाईतले आमचे डॉक्टर शेवटचा पेशंट गेल्यावर टेबलावर कोपर रोवून अगदी असेच बसायचे.

कंपाउंडर आतल्या खोलीत मिक्श्चरच्या बाटल्यांना डोसाच्या खाचा कातरलेल्या कागदी पट्ट्या डकवत असत, तोवर डॉक्टरांच्या खणातून कॅमलच्या रंगांची पेटी बाहेर यायची. आमच्यासारखी शेजारची पोरं दारात उभी राहिली तर ते हाकलत नसत. ओल्या निळ्या रंगावर कापसाचा बोळा अलगद टेकवायचा, की तिथला रंग निघून येई आणि कागदावर ढग राही. पाण्यावरची चमक ते जुन्या ब्लेडच्या टोकानं खरवडून काढत. चित्र बहुतेक वेळा एकच. मेणवलीचा घाट, खाली कृष्णा, आणि निम्म्याहून जास्त कागद नुसतं आभाळ.

आजी त्यांचीच पेशंट. हृदयासाठी तिला डायगॉक्सिनची गोळी होती, आठवड्यातले पाच दिवस. शनिवार-रविवार गोळीला सुट्टी, आणि ही सुट्टी आजी शाळेतल्या पोरीच्या आनंदानं घेई. कॅलेंडरवरच्या डहाळीकडे बघताना हे आठवलं, कारण ती फुलं फॉक्सग्लोव्हची, म्हणजे डिजिटॅलिसची. 1785 साली विल्यम विदरिंग या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं त्या झाडाच्या औषधी गुणांवर पुस्तक लिहिलं. आजीची गोळी त्याच जातकुळीतल्या झाडाची. डॉक्टरची खूण म्हणून रंगवलेली ती फुलं आमच्या फडताळातल्या डबीपर्यंत पोचली होती, आणि आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

पावसाळ्यातली ती रात्र मात्र काही केल्या मागे पडत नाही. डॉक्टर भिजत सायकलवरून आले. नाडी पाहिली, छातीला नळी लावली, बाबांना ओसरीवर नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मग परत येऊन आजीच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, हे मला कळण्याचं ते वय नव्हतं. डॉक्टर घरी जात नाहीत एवढंच दिसत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड काढलं आणि पेन्सिलीनं आजीचा चादरीवर पडलेला हात काढायला घेतला. बोटातलं तांब्याचं वळं, फुगलेल्या शिरा, अंगठ्याजवळ विळीनं कापल्याचा जुना व्रण. त्या हातचं मी रोज जेवत होते, आणि तो व्रण मला त्या रात्री कागदावर पहिल्यांदा दिसला.

पहाटे आजी गेली. डॉक्टरांनी कागद बाबांपुढे धरला. बाबांनी घेतला नाही. काका तर पुढे कितीतरी दिवस गावात सांगत होते, म्हातारी जात होती आणि डॉक्टर चित्रं काढत बसले होते. काका आता नाहीत, पण त्या बोलण्याचा माझा राग तसाच आहे.

गाशेंच्या वाट्यालाही तेच आलं. 1858 साली विषण्णतेच्या आजारावर प्रबंध लिहिलेला हा माणूस. दवाखाना पॅरिसात आणि घर ओव्हेर-सूर-वाझ या लहानशा गावात. तिथे एचिंगचं यंत्र होतं. 1873 मध्ये चित्रकार सेझाननं तांब्याच्या पत्र्यावर हात चालवून पाहिला तो तिथेच, आणि व्हॅन गॉगनं आयुष्यात केलेलं एकुलतं एक एचिंगही तिथलंच, पाइप ओढणाऱ्या गाशेंचं. गाशे स्वतःच्या चित्रांवर ‘पॉल व्हान रिसेल’ अशी सही करत. मे 1890 मध्ये चित्रकार पिसारोच्या शब्दावर व्हॅन गॉग त्यांच्याकडे आला. 27 जुलैला त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि 29 तारखेला तो गेला. गाशेंनी कोळशानं त्याचा उशीवरचा चेहरा काढला.

1947 मध्ये फ्रेंच लेखक आर्तोनं त्या मृत्यूचा दोष गाशेंवर ठेवला. आर्तो स्वतः वर्षानुवर्षं मनोरुग्णालयांत पिचला होता, डॉक्टरांवरचा त्याचा संताप मी समजू शकते. पण त्या कोळशाच्या रेषा मी छापील पाहिल्या आहेत, आणि त्यांत बेफिकिरी नाही. 1990 च्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात गाशेंच्या व्यक्तिचित्राला 8 कोटी 25 लाख डॉलर आले. गाशेंनी काढलेल्या चेहऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आमचे डॉक्टर गेल्यानंतर डॉक्टरीणबाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. रात्री-अपरात्री दार उघडणाऱ्या, सिरिंज उकळून ठेवणाऱ्या, डॉक्टर जागेवर नसले की “येतीलच इतक्यात” म्हणून पेशंटला बसवून घेणाऱ्या त्याच. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी कपाटावरचा चित्रांचा गठ्ठा उतरवायला लावला.

“मला ही कधी आवडली नाहीत गं,” त्या म्हणाल्या. “पेशंट दगावला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटावर जायचे. रात्री उशिरा परत. जेवायचे नाहीत. मागं तारीख आहे बघ.”

प्रत्येकामागे पेन्सिलीनं तारीख होती, नाव नव्हतं. त्या सगळ्या आभाळांकडे मला आता वेगळं बघावं लागत होतं. आजीची तारीख मी दोनदा शोधली. मिळाली नाही.

“सगळी कुठली राहायला इथं,” त्या म्हणाल्या. “गावात लग्न निघालं की ह्यातलंच एक आहेर म्हणून जायचं. पैसे कुठं होते?”

आमच्या ताईच्या लग्नातही डॉक्टरांनी घाटाचं चित्र दिलं होतं. साताऱ्याला तिच्या बैठकीच्या खोलीत ते अजून आहे. त्याच्यासमोर तिच्या मुलांचे वाढदिवस झाले, सुनेचं केळवण झालं. रात्रीच तिला फोन लावला. मागून प्लायवूड ठोकलंय, म्हणाली, कारागीर बोलवावा लागेल. बोलव म्हटलं. आजीचीच तारीख निघेल असं नाही. ज्या कुणाची असेल, ती मला वाचायची आहे.