घोडा उतरवताना

पिस्तूल माझ्या हातात होतं, चापावर बोटही माझंच होतं, पण मी गोळी झाडत नव्हते. मी घोडा खाली उतरवत होते, म्हणजे पिस्तूल शांत करत होते. अंगठा घामेजलेला होता. घोडा निसटला आणि त्या बंदिस्त रेंजमध्ये जो आवाज झाला तो कानांवर मफ्स असूनही छातीत बसला. नळी समोरच होती, त्यामुळे गोळी कागदी लक्ष्याच्या बरीच खालून मागच्या ट्रॅपमध्ये गेली. कुणाला काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना ते मनात राहिलेलं बरं.

मी मिनेसोटात राहते. आमच्या टीममध्ये छप्पन्न वर्षांचा एक टेस्टर आहे, पूर्वी अमेरिकन आर्मीत होता. दर दुसऱ्या शनिवारी तो रेंजवर जातो. एका हिवाळ्यात, उणे वीसमध्ये करण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून मीही जायला लागले. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला इथे बंदूक हातात घ्यायची तर कायद्याने एक पळवाट लागते, ती म्हणजे शिकारीचा परवाना. त्यासाठी मी रीतसर सेफ्टीचा कोर्स केला, परवाना काढला, आणि आजवर एक ससाही मारलेला नाही. आईला यातलं काहीच माहीत नाही. तिला या लेखाची लिंक जाणार नाहीये.

मराठीत हॅमरला घोडा म्हणतात आणि ट्रिगरला चाप. मुंबईच्या सिनेमात अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, ती गोष्ट वेगळी. हे शब्द मला मामाकडून मिळाले. मामा निवृत्त फौजदार, सांगलीत असतो. त्याच्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनलेलं नाइन एमएम असायचं, म्हणजे जुन्या ब्राउनिंग हाय पॉवरचं भारतीय भावंड. फोनवर त्याला विचारलं, "मामा, तुझ्या पिस्तुलाला घोडा उतरवायचा खटका होता का गं?" गं नाही, अरे. घाईत माझं असंच होतं. मामा म्हणाला, "खटका कशाला पाहिजे? चेंबर रिकामं ठेवायचं. चेंबर रिकामं असलं की घोडा वर असला काय न् खाली असला काय." एका अर्थाने त्याने प्रश्नच निकालात काढला.

प्रश्न तयार होतो तो चेंबर भरलेलं ठेवायचं ठरवलं की. ज्या पिस्तुलांना डबल अ‍ॅक्शन-सिंगल अ‍ॅक्शन म्हणतात, त्यांत पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड असतो, साधारण दहा पौंडांच्या आसपास. चाप ओढताना घोडा आधी मागे जातो आणि मग पडतो. गोळी सुटली की स्लाइड मागे येते, घोडा मागेच अडकून राहतो, आणि पुढच्या गोळीला चाप हलका होतो, चार-पाच पौंड. आता समजा चार गोळ्या झाडून तुम्हाला थांबायचंय. चेंबरमध्ये पाचवी गोळी आहे, घोडा मागे ताणलेला आहे, चाप हलका झालाय. हे असं कमरेला लावता येत नाही. घोडा खाली आणायला हवा, आणि तो तर गोळी मारण्यासाठीच खाली येतो.

खटका नसेल तर उपाय एकच. अंगठ्याने घोडा धरायचा, चाप दाबायचा, घोडा अडकणीतून सुटला की हळूहळू खाली आणायचा. बऱ्याच आधुनिक पिस्तुलांत फायरिंग पिनसमोर एक अडसर असतो आणि चाप पूर्ण दाबल्यावरच तो बाजूला होतो. हाताने घोडा उतरवताना तुम्ही नेमका तोच चाप दाबता, म्हणजे दोन्ही कुलपं स्वतःच उघडता आणि मग सगळी भिस्त अंगठ्याच्या कातडीवर. डीकॉकिंगचा खटका असेल तर चापाला हातच लावावा लागत नाही. घोडा पडतो, पण फायरिंग पिनपर्यंत त्याचा धक्का पोचत नाही. पहिल्यांदा भरलेल्या पिस्तुलावर तो 'खट्' आवाज ऐकताना मी डोळे मिटले होते, हेही कबूल करते.

मग माझ्या हातातल्या पिस्तुलाला खटका नव्हता का? होता. डाव्या बाजूला, मुठीच्या वर. उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्याचा अंगठा आपोआप त्यावर येतो.

मी डावखुरी आहे.

माझा अंगठा पिस्तुलाच्या उजव्या बाजूला होता, तिथे गुळगुळीत धातू होता. खटका पलीकडे. मी पकड बदलून उजव्या हाताच्या अंगठ्याने तो दाबायला हवा होता. पण आदल्याच खेपेला टेस्टरला त्याच्या दुसऱ्या, खटका नसलेल्या पिस्तुलाचा घोडा हाताने उतरवताना पाहिलं होतं. त्याला जमलं तर मलाही जमेल असं वाटलं. टेस्टर नंतर एवढंच म्हणाला, "लिव्हर त्यासाठीच असतो." त्याचं चूक नव्हतं. रेंज ऑफिसरने मला काचेबाहेर बसवलं, पाणी दिलं, आणि त्या दिवशी पुन्हा आत सोडलं नाही. त्याचंही चूक नव्हतं. पकड मीच बदलली नाही, चाप मीच दाबला.

घरी येऊन मात्र मी जे करते तेच केलं, म्हणजे रात्री दोनपर्यंत वाचत बसले. हा खटका कुठे असावा यावर जवळपास शंभर वर्षं माणसं डोकं खाजवताहेत. १९२९च्या वॉल्थर पीपीमध्ये तो स्लाइडवर आहे: खाली दाबला की पिस्तूल सेफ होतं आणि घोडाही उतरतो. पुढे जर्मन सैन्याच्या पी-३८मध्येही तीच जागा. त्याच सुमाराच्या साउअर ३८एचमध्ये घोडा आतच लपलेला, आणि चापाच्या मागे डाव्या बाजूला एक खटका, जो अंगठ्याने घोडा चढवतोही आणि उतरवतोही. मला हे फार आवडलं. एकच बटण, जाणं आणि येणं दोन्ही. अर्थात डाव्या बाजूलाच.

१९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हल्ल्यानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी नवी पिस्तुलं मागवली, तेव्हा कंपन्यांची उत्तरं किती वेगळी आली ते पाहण्यासारखं आहे. वॉल्थर पी-५ आणि सिगच्या पी-६मध्ये खटका फ्रेमवर, डावीकडे. हेकलर अँड कॉखच्या पी-७मध्ये खटकाच नाही. मुठीचा पुढचा भाग बोटांनी आवळला की पिस्तूल सज्ज होतं, पकड सैल केली की आपोआप उतरतं. हातातून पडलं तरी पडतापडता शांत झालेलं असतं. डाव्या-उजव्याचा भेदच नाही, कारण आवळायला दोन्ही हात सारखेच. ते महाग होतं आणि सलग गोळ्या झाडल्या की तापायचं. पण त्या रात्री मला त्याच्यासारखं शहाणं यंत्र दुसरं दिसलं नाही.

टेस्टरचा स्वतःचा इतिहास बेरेटाशी जोडलेला आहे. अमेरिकन आर्मीने १९८५ साली बेरेटा ९२ला एम-९ म्हणून घेतलं. या पिस्तुलाच्या सुरुवातीच्या मॉडेलवर सेफ्टी फ्रेमवर होती. पुढे इटलीच्या पोलिसांना घोडा उतरवणारा खटका हवा होता, म्हणून तो स्लाइडवर गेला. आणि अमेरिकन चाचण्यांच्या वेळेपर्यंत तो दोन्ही बाजूंना आला. म्हणजे डावखुऱ्यांचा प्रश्न सुटला? सुटला. पण खटका आता उंचावर गेला. लहान हाताच्या माणसाला पकड न हलवता त्यापर्यंत अंगठा नेणं अवघड, आणि खाली दाबलेला खटका वर ढकलणं तर आणखी अवघड. शिवाय त्याआधी सत्तरेक वर्षं आर्मीत कोल्टचं १९११ होतं, त्यात सेफ्टी खाली ढकलली की पिस्तूल झाडायला तयार. बेरेटात खाली म्हणजे सेफ. दोन पिढ्यांच्या अंगठ्यांना जे शिकवलं त्याच्या बरोब्बर उलट. स्लाइड वरून मुठीत धरून मागे खेचताना खटका नकळत खाली जायचा, आणि गोळी हवी तेव्हा चाप नुसताच मागे यायचा, ही तक्रार टेस्टर अजून करतो. फ्रेंच जांदार्मरीसाठी बेरेटाने ९२जी काढलं, त्यात खटका घोडा उतरवून स्वतःच परत वर येतो, सेफवर अडकतच नाही. माझ्या मते मुळात तसंच असायला हवं होतं. एका बटणाला दोन कामं दिली की त्यातलं एक काम कुणाच्या तरी जिवावर येतं.

वॉल्थर पी-९९मध्ये तर खटका म्हणजे स्लाइडच्या माथ्यावर डावीकडे बसवलेलं एक सपाट बटण. ज्याने ते तिथे ठेवलं त्याच्या मनात काय असेल याचा मी विचार करते. चुकून दाबलं जाऊ नये, हेच असणार. कारण सोपं बटण चुकून दाबलं जातं, आणि अवघड बटण हवं तेव्हा दाबलं जात नाही. आणि त्याच्या बऱ्याच आधी आलेल्या ग्लॉकने, घोडाच काढून टाकून, सगळा वाद बाजूला सारला होता. त्यातही एक मेख आहे: साफ करायला ग्लॉक उघडायचं तर आधी चाप दाबावा लागतो. चेंबर रिकामं आहे हे तपासायला विसरलात तर काय होईल, ते सांगायला नको. २०१७मध्ये अमेरिकन आर्मीनेही एम-९च्या जागी घोडा नसलेलं पिस्तूल निवडलं.

इथवर वाचून झालं आणि मला आमचं एक तिकीट आठवलं.

मी ज्या कंपनीत काम करते ती रुग्णाच्या उशाशी लटकणाऱ्या औषधाच्या पंपाचं सॉफ्टवेअर लिहिते. स्क्रीनवर औषध थांबवायचं बटण आहे. उजव्या कोपऱ्यात खाली, आणि चुकून दाबलं जाऊ नये म्हणून दोन सेकंद दाबून धरायचं. ते कोड मी लिहिलंय. चार महिन्यांपूर्वी एका नर्सची तक्रार आली होती. एका हाताने नळी चिमटीत धरली होती, दुसऱ्या हातात ग्लोव्हज, बटण दाबलं, तिला वाटलं थांबलं, पण बोट लवकर उचललं गेलं होतं. औषध चालूच राहिलं. तिने पुन्हा पाहिलं म्हणून कळलं. रुग्णाला काही झालं नाही. मी लॉग तपासले, बटण एक पूर्णांक सहा सेकंद दाबलेलं होतं. मी लिहिलं: 'डिझाइनप्रमाणे काम करत आहे. वापरणाऱ्याची चूक.' आणि तिकीट बंद केलं. मला आठवतं, ते बंद केल्यावर मी कॉफी आणायला गेले होते.

लॉग खरे होते. रेंज ऑफिसरने माझ्याबद्दल जे लिहिलं असेल तेही खरंच असणार.

सोमवारी तिकीट पुन्हा उघडलं. मॅनेजरने विचारलं, "काही इन्सिडेंट झालाय का?" मी म्हटलं नाही. "मग आत्ता का?" यावर माझ्याकडे मीटिंगमध्ये सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. रेंजवरची गोष्ट मी सांगितली नाही, ती ऑफिसात सांगायची हिंमत अजूनही नाही. त्याऐवजी लॅबमधून पंप उचलून आणला, जेवणाच्या वेळी टेबलावर ठेवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ग्लोव्हज घालून, एका हातात नळी धरून, माझ्याशी बोलता बोलता ते बटण दाबायला लावलं. बोलता बोलता हे महत्त्वाचं, कारण वॉर्डात कुणी शांतपणे बटण दाबत नाही. काहींना जमलं. काहींनी बोट उचललं आणि "झालं" म्हणून माझ्याकडे पाहिलं, आणि मागे स्क्रीनवर थेंब चालू होते. एक मुलगी डाव्या हाताने दाबायला गेली तर तिच्याच तळहाताखाली आख्खा स्क्रीन झाकला गेला. ती डावखुरी आहे हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

तिकीट 'लो'वरून 'मीडियम'वर गेलंय. थांबलं की पंप ठळक थरथरेल आणि बटणाची जागा बदलेल, असा प्रस्ताव आहे. जागा बदलण्याला हार्डवेअरवाल्यांचा विरोध आहे, कारण ज्या नर्सेसना जुनी जागा सवयीची झालीय त्यांचं काय? प्रश्न बरोबर आहे. १९११नंतर बेरेटा हातात घेणाऱ्या प्रत्येक सैनिकाचा तोच प्रश्न होता. मी त्या नर्सला उत्तर लिहिलं आहे, पण ते कायदा विभागाकडून तपासून जावं लागतं, अजून गेलेलं नाही.

मागच्या शनिवारी पुन्हा रेंजवर गेले. तेच पिस्तूल. या वेळी चापावरचं बोट उचललं, तर्जनी फ्रेमवरून पलीकडे वळवली आणि तिनेच खटका खाली ओढला. डावखुऱ्यांमध्ये ही पद्धत चालते. तिचा एक फायदाही आहे: तर्जनी खटक्यावर असते तेव्हा ती चापावर असूच शकत नाही. खट्. घोडा उतरला.

टेस्टर बाजूला उभा राहून बघत होता. मी पिस्तूल रिकामं करून ठेवल्यावर त्याने ते उचललं, चेंबर पाहिलं, डाव्या हातात घेतलं आणि अंगठा फिरवत खटका शोधू लागला. पकड सरकवली, पुन्हा शोधला. पिस्तूल त्याच्याकडे वीस वर्षं आहे.

"हं," तो म्हणाला, आणि ते पुन्हा उजव्या हातात घेतलं.